मदत हवी आहे: एझेडडब्ल्यू३ (किंडलचा ई-बुक फॉरमॅट) मध्ये जोडाक्षरे तुटतात
मराठी पुस्तकाची ईपब ३ (ई-बुकचा सर्वसाधारण फॉरमॅट) फाइल आहे. मजकूर युनिकोडमध्ये, डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नाही, फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी. संगणकावर सगळं नीट दिसतं. कॅलिबरमधून (ई-बुक रूपांतराचं सॉफ्टवेअर) एझेडडब्ल्यू३ करून केबलने ई-रीडरमध्ये टाकली, की काही जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. फॉन्ट एम्बेड केलाय (फाइलमध्येच घातलाय). रीडरमध्ये प्रकाशकाचा फॉन्टही निवडून पाहिला. किंडलच्या जुन्या मोबी फॉरमॅटमध्ये एम्बेड केलेला फॉन्ट चालतच नाही, त्यामुळे मोबी सुचवू नका.

संशय दोनच: फॉन्टचं सबसेटिंग (न वापरलेली अक्षरं फॉन्टमधून काढून टाकणं) चालू असल्याने जोडाक्षरांचे ग्लिफ (अक्षरांच्या आकृत्या) गळतात, किंवा सीएसएसमधलं (पुस्तकाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमधलं) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर (ते शून्य नाही, शीर्षकांत तर बरंच आहे). आधी काय तपासावं? २०२२ पासून सेंड टू किंडल (किंडलवर फाइल पाठवण्याची अ‍ॅमेझॉनची सेवा) ईपब थेट घेतं हे माहीत आहे, पण रूपांतर आपल्याच हातात हवं.