पार्श्वसंगीत : पाठीमागचं की बाजूचं?

गेल्या रविवारी कोथरूडला एका मित्राच्या घरी आम्ही सातजण जमलो होतो. महिन्यातून एकदा जमतो. सध्या काय ऐकतोय ते प्रत्येकानं आणायचं, दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांना ऐकवायचं, मग चहा आणि गप्पा. अट एकच, गाणी नाहीत. गाणी सोडून चित्रपटात जे वाजतं तेवढंच. या वेळी ‘पथेर पांचाली’, ‘इत्तेफाक’, ‘फँड्री’ आणि ‘इंटरस्टेलर’ अशी सरमिसळ होती. ‘इंटरस्टेलर’मधला ऑर्गन लंडनच्या टेंपल चर्चमधला आहे. तो वाजायला लागला आणि शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या. दारातच थांबल्या. “काय ऐकताय रे?” मित्र म्हणाला, “चित्रपटसंगीत.” काकूंनी दोन मिनिटं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “मग गाणं कधी सुरू होणार?”

काकूंचं काही चुकलं नाही. मराठीत ‘चित्रपटसंगीत’ म्हटलं की गाणीच डोळ्यापुढे येतात. भावसंगीत, नाट्यसंगीत, चित्रपटसंगीत ही सगळी गाण्यांची घराणी. मग आम्ही जे ऐकत होतो त्याला ‘पार्श्वसंगीत’ म्हणावं, तर ते चित्र चालू असताना मागे वाजणारं. आम्ही तर दिवे मालवून, डोळे मिटून तेवढंच ऐकत होतो. पुढ्यात दुसरं काही नव्हतंच, मग हे मागचं कसं? आठवडाभर डोक्यात हेच घोळतंय. पार्श्वसंगीत, पार्श्वगायन, पार्श्वभूमी आणि पार्श्वभाग, या सगळ्यांतला पार्श्व एकच का? आणि एखाद्या पात्राबरोबर पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीला आपण ‘थीम’ म्हणतो, तिला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद १

पार्श्व म्हणजे पाठ नव्हे, बाजू. संस्कृतात ‘पर्शु’ म्हणजे बरगडी, आणि बरगड्यांचा भाग तो पार्श्व. म्हणजे आपली कूस. आयुर्वेदात पार्श्वशूल म्हणजे कुशीतली कळ. पाठीला स्वतंत्र शब्द आहे, पृष्ठ.

मी बरीच वर्षं अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गाला जाते. तिथे पार्श्वकोनासन करताना कुशीवर किती ताण येतो ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. पार्श्व कुठे असतं हे मला कोशाच्या आधी शरीरानं शिकवलं. हिंदीवाले बॅकग्राउंडला ‘पृष्ठभूमी’ म्हणतात, तो शब्द अर्थाला धरून आहे. आपण ‘पार्श्वभूमी’ म्हणतो. मराठीत पार्श्व कुशीवरून हळूहळू पाठीकडे सरकत गेलं, आणि ‘पार्श्वभाग’ या शब्दात तर पार बसायच्या जागेपर्यंत पोचलं.

मूळ लेखक

ताई, मनापासून आभार. माझा अर्धा प्रश्न सुटला आणि एक नवा लागला.

पार्श्व म्हणजे बाजू असेल तर पार्श्वसंगीत हा शब्द मला वाटत होता त्यापेक्षा किती तरी चांगला आहे. चित्राच्या मागे लपलेलं नाही, बाजूनं चालणारं संगीत. पण ‘पथेर पांचाली’ ऐकताना तेही पुरेसं वाटत नाही. १९५५ चा चित्रपट, संगीत रविशंकरांचं. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला ठाऊक नसतं, तो तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो. त्याची बायको सर्बजया ती तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचा टाहो आपल्याला ऐकूच येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई, म्हणजे गजानं वाजवायचं एक तारवाद्य, वर चढत जाते. ते सूर रडण्याच्या मागेही नाहीत आणि बाजूलाही नाहीत. तेच रडणं आहे. रविवारी आम्ही तो तुकडा चित्राशिवाय ऐकला. खोलीत एक मुलगी अशी होती की तिनं चित्रपट पाहिलेला नव्हता. ती म्हणाली, “कोण रडतंय?”

या जागी पार्श्व हा शब्द मला अपुरा वाटतो.

प्रतिसाद २

मी प्रभात रस्त्यावर वाढलो, म्हणून ‘कुंकू’ची आठवण करून देतो. १९३७ साली प्रभातनं काढला, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच जागेवर. दिग्दर्शन शांतारामबापूंचं, संगीत केशवराव भोळ्यांचं. या चित्रपटात बापूंनी पार्श्वसंगीत मुद्दाम बाजूला ठेवलं. आवाज ऐकू येतात ते पडद्यावरच्या घरातले. एरवी जिथे वाद्यमेळ वाजला असता तिथे घर स्वतः बोलतं.

सांगायचा मुद्दा असा की पार्श्वसंगीत नसणं हीसुद्धा एक रचना आहे, आणि तिच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही. हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’मध्येही नेहमीचं पार्श्वसंगीत नाही. तो १९६३ चा. आपलं पुणं त्याच्या सव्वीस वर्षं आधी तिथे पोचलं होतं, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

प्रतिसाद ३

नाटकाकडून थोडं. आम्ही कॉलेजात करंडकाच्या एकांकिका करायचो. तेव्हा जाहिरातीत, श्रेयनामावलीत छापताना ‘पार्श्वसंगीत’, पण तालमीत हा शब्द कुणाच्याही तोंडी नाही. तालमीत फक्त ‘म्युझिक’. “म्युझिक कोण करतंय?” म्हणजे बसवतंय कोण. “म्युझिक कोण ऑपरेट करतंय?” म्हणजे प्रयोगाला क्यूवर लावणार कोण. आवाज चढला की दिग्दर्शक ओरडायचा, “म्युझिकनं वाक्य खाल्लं!”

दादा, तुमच्या शेजारच्या काकूंना ‘म्युझिक ऐकतोय’ म्हणाला असता तर त्यांनी गाण्याची वाट पाहिली नसती असं मला वाटतं.

प्रतिसाद ४

‘नेपथ्यसंगीत’ का नको? संस्कृत नाटकात पडद्याआडून आवाज आला की ‘नेपथ्ये’ असं लिहितात. म्हणजे दिसत नाही पण ऐकू येतं ते नेपथ्यातलं. पार्श्वसंगीत अगदी तेच करतं.

प्रतिसाद ५

अडचण अशी की मराठीत नेपथ्य आता दिसतं! नेपथ्य म्हणजे सेट, भिंती, खिडक्या, झोपाळा. ‘नेपथ्यसंगीत’ म्हटलं तर झोपाळ्याच्या कड्यांची करकर डोळ्यासमोर येईल. बंगालीत मात्र तो शब्द जुन्या अर्थानं जिवंत आहे, पडद्याआडून गाणाऱ्याला ते नेपथ्यगायक म्हणतात. आणि पार्श्वसंगीताला बंगाली शब्द आहे ‘आबहसंगीत’. आबह म्हणजे वातावरण, भोवतालची हवा. मला हा शब्द फार आवडतो. त्यात मागे-पुढे-बाजूला असा प्रश्नच येत नाही. हवा सगळीकडून असते.

‘फँड्री’चं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं आहे. ते ऐकताना ‘आबह’ म्हणजे काय ते कळतं. पात्रांना काय वाटतंय ते संगीत सांगत नाही. त्या गावात श्वास घेणं किती जड आहे ते सांगतं.

मूळ लेखक

आबहसंगीत मला पटलं, पण घेता येईल असं वाटत नाही. ‘वातावरणसंगीत’ असं मराठी केलं तर हवामान खात्याचा शब्द वाटतो. शब्द उचलताना त्याचा सूरही उचलता यायला हवा.

इथे थोडं मनातलं सांगतो. आपल्याकडे या कामाला फार उशिरा मान मिळाला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत यांना नेमानं वेगळे पुरस्कार मिळू लागले ते २००९ सालच्या चित्रपटांपासून. पार्श्वसंगीताचा त्या वर्षीचा पुरस्कार इलयाराजांना, ‘पळश्शी राजा’साठी. बोलपटांना तोवर पाऊणशे वर्षं होऊन गेली होती. सलील चौधरींनी १९६० चा ‘कानून’ आणि १९६९ चा ‘इत्तेफाक’ हे दोन्ही बिनगाण्याचे चित्रपट नुसत्या पार्श्वसंगीतावर पेलले. पण सलीलदा म्हटलं की आपण गाणीच आठवतो. भास्कर चंदावरकरांचंही तेच. याच पुण्यात, याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी चित्रपटात संगीत कसं वापरावं हे कित्येकांना शिकवलं, ‘घाशीराम कोतवाल’सारखं नाटक संगीतानं बांधून दिलं. ज्या कामाला बोलीत नाव नाही ते काम नजरेआड राहतं, असं मला यामुळे वाटतं. म्हणून मी हा शब्दाचा हट्ट धरलाय.

प्रतिसाद ६

नाव आहे की. बीजीएम, म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक. मी हिंजवडीला कामाला जातो, जाता-येता बसमध्ये दोन-अडीच तास हेच ऐकतो आणि आमच्या ऑफिसात सगळे हेच म्हणतात. “बीजीएम ऐकलंस का?” विचारलं की कुणी गाण्याची वाट पाहत नाही. सध्या मी ‘सैराट’ ऐकतोय, फक्त वाद्यवृंद. अजय-अतुलनी त्यासाठी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. धावताना, विहिरीत उडी मारताना व्हायोलिनं जी झेप घेतात ती इअरफोनवर ऐका. मी रोज वाकड पुलावर अडकतो, पण तेवढा वेळ अडकलेला नसतो.

प्रतिसाद ७

बीजीएम रुळलाय यात शंका नाही. पण वापर नीट पाहिला तर अर्थ आकसलेला दिसतो. “काय बीजीएम आहे!” हे कधी म्हणतात? नायक दार लाथाडून आत येतो तेव्हा. छातीत धडधड होईल असं, टाळ्या-शिट्ट्यांसाठी केलेलं संगीत. ‘पथेर पांचाली’तल्या तारशहनाईला बीजीएम म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. पार्श्वसंगीत या शब्दात मोठा आवाजही मावतो आणि कुजबुजही. अजून काही वर्षांनी दोन्ही शब्द दोन वेगळ्या अर्थांनी शेजारी-शेजारी नांदतील असा माझा अंदाज आहे, आणि त्यात वाईट काही नाही.

प्रतिसाद ८

थीमला ‘ओळखधून’ चालेल का? सुरू झाली की कोण येणार ते ओळखू येतं. ‘जॉज’मधले ते दोन सूर वाजले की शार्क. शार्क दिसायचीही गरज नाही.

मूळ लेखक

ओळखधून सोपा आहे, पटकन कळतो. पण तो सुरुवातीलाच संपतो असं मला वाटतं. सिग्नेचर ट्यूनसाठी उत्तम, म्हणजे आकाशवाणीवर एखादा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी जी वाजते तिच्यासाठी. चित्रपटातली थीम ओळख पटवून थांबत नाही. परत येते, आणि परत येताना काहीतरी घेऊन येते.

‘शोले’तला माउथऑर्गन घ्या. रात्र पडते, जय बाहेर बसून वाजवतो, समोर राधा एकेक दिवा मालवत जाते. वाजवलाय भानू गुप्तांनी. पहिल्यांदा ऐकतो तेव्हा ती एका रिकामटेकड्या माणसाची संध्याकाळ असते. पुन्हा ऐकतो तेव्हा त्यात राधा आलेली असते. शेवट माहीत असलेला माणूस ऐकतो तेव्हा त्यात काय-काय असतं ते सांगायला नको. सूर एकच, पण आधी जे घडून गेलं त्यानं त्यांचा अर्थ बदलतो.

आणि यासाठी आपल्याकडे घरचा शब्द आहे, ‘पालुपद’. कवितेत प्रत्येक कडव्यानंतर तीच ओळ येते. शब्द तेच, पण प्रत्येक कडवं तिला नवा रंग देऊन जातं. लहानपणी आजी ओव्या, पदं म्हणायची तेव्हा पालुपदाशी आम्ही सगळी पोरं सामील व्हायचो, आणि शेवटच्या कडव्यानंतर तीच ओळ म्हणताना आजीचा आवाज वेगळा लागायचा. चित्रपटातली थीम हेच करते. बोलण्यात ‘तेच ते पालुपद लावलंय’ असा त्रासिक वापर होतो, मला मान्य आहे. पण त्या वापरामुळे मूळ शब्द टाकून द्यावा असं मला वाटत नाही. ‘जयचं पालुपद’, ‘दुर्गाचं पालुपद’. म्हणून पाहा, तोंडात बसतं.

प्रतिसाद ९

पालुपद झकास! माझं मत पालुपदाला.

प्रतिसाद १०

उशिरा येतोय, पण मूळ प्रश्न तसाच राहिलाय. चित्रपटाशिवाय, एकट्यानं ऐकलेल्या पार्श्वसंगीताला काय म्हणायचं?

मला वाटतं नवा शब्द नको, एक जुनं विशेषण पुरे, ‘नुसतं’. आपण म्हणतो ना, भाकरी नको, ठेचा नुसता खाल्ला. लोणचं नुसतं चाटलं. तोंडी लावायच्या वस्तू आहेत त्या, पानात बाजूला वाढतात. उजवी बाजू, डावी बाजू. पण ज्याला आवड आहे तो नुसतंही खातो, आणि तेव्हा तिची खरी चव कळते. ताईंनी पार्श्व म्हणजे बाजू असं सांगितलं, ते इथे चपखल बसतं. पार्श्वसंगीत म्हणजे बाजूला वाढलेलं. तुम्ही ते नुसतं ऐकताय.

मूळ लेखक

नुसतं पार्श्वसंगीत. काका, हे मी घेतलं. आणि प्रतिसाद १ मधल्या ताईंशिवाय इथवर पोचलोच नसतो.

काल जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. त्यांना सांगितलं, “काकू, परवा आम्ही नुसतं पार्श्वसंगीत ऐकत होतो.” त्या म्हणाल्या, “असं होय! मग आधीच सांगायचं ना.” पुढच्या रविवारी येते म्हणाल्या. त्यांच्याकडे एक जुनी कॅसेट आहे म्हणे, त्यांच्या यजमानांनी टीव्हीला टेपरेकॉर्डर लावून भरलेली. कुठल्या चित्रपटाची ते त्यांना आठवत नाही, पण गाणी नाहीत एवढं नक्की. कॅसेट वाजवायला चालू स्थितीतला डेक हवाय. कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाकडे असेल तर रविवारी सकाळी दहाच्या आत कळवा.