साइटवरचे मजूर बंगाली बोलतात म्हणून सोसायटीने त्यांना हाकलायचं का? नेमकं काय करावं?

बेसा_रोड_रहिवासी

नमस्कार मंडळी, जरा लांब आहे पण वाचा. आमच्या सोसायटीचे दोन टॉवर झालेत, तिसऱ्याचं काम सुरू आहे, आणि तिथे सेंट्रिंग-प्लास्टरला जी पोरं आहेत ती आपसात बंगालीत बोलतात. गाव विचारलं तर पश्चिम बंगालमधलं मुर्शिदाबाद सांगतात, काही जण तिथलंच मालदा सांगतात. आता ग्रुपवर कोणीतरी टाकलं की हे सगळे बांगलादेशी आहेत, यांना आजच्या आज काढा, नाहीतर आम्हीच चार जण जाऊन त्यांच्या झोपड्या खाली करतो. तेव्हापासून ग्रुपवर नुसता राडा. एका काकांनी पोरांचे आधार मागितले, त्यांनी दाखवले, तर काका म्हणतात आधार तर कोणीही बनवते. एका ताईंनी लिहिलं की कागद तपासणारे आपण कोण, तर त्यांना थेट देशद्रोही म्हणून मोकळे झाले लोक.

माझं मत आधीच सांगतो. चोरून देशात घुसलेल्याला परत पाठवलंच पाहिजे, त्यात मला वाद दिसत नाही. पण समोरचा माणूस घुसलेला आहे की मालद्याचा मजूर, हे मी कमिटीत बसून कसं ठरवणार? भाषेवरून? कायद्याने सोसायटीला काय करता येतं आणि काय नाही ते कोणी जाणकाराने सांगा. आणि तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं तेही लिहा.

अजनीकर

भाऊ, यात एवढं विचारून काय राहिले, पोलिसांना कळवा ना सरळ. झोपड्या खाली करणं चुकीचंच, पण गप्प बसणंही चुकीचं. बांगलादेशची बॉर्डर 4,096 किलोमीटर आहे आणि त्यातल्या 864 किलोमीटरला अजून कुंपण नाही हे खुद्द सरकारने 2025 मध्ये संसदेत सांगितलं, त्यातही 174 किलोमीटर असे आहेत की नद्या, दलदल यामुळे तिथे कुंपण लागूच शकत नाही. मग तिथून माणूस येणारच. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने आसामचा आयएमडीटी कायदा, म्हणजे घुसखोर ठरवायची पद्धत सांगणारा कायदा, रद्द केला तेव्हा या घुसखोरीला बाह्य आक्रमण म्हटलं होतं, हे काही कोण्या पक्षाच्या पोस्टरवरचं वाक्य नाही.

आणि हे फक्त आसाम-बंगालचं दुखणं आहे असं समजू नका. आपल्याकडे बांगलादेशींनी उशिराचे, म्हणजे जन्मानंतर कित्येक वर्षांनी काढलेले, जन्मदाखले मिळवल्याच्या आरोपाचं प्रकरण निघालं, अकोला-अमरावतीचीही नावं आली, जानेवारी 2025 ला सरकारला उशिराचे दाखले देणंच थांबवावं लागलं आणि मार्चमध्ये नवीन जीआर काढून नियम कडक करावे लागले. एकदा दाखला भेटला की त्यावर बाकीचे सगळे कागद चढत जातात. इकडे गोंदिया-बालाघाटचा मजूर सकाळी ठिय्यावर, रोजीचं काम भेटते त्या चौकात, उभा राहते आणि रिकाम्या हाताने घरी जाते. त्याच्या बाजूने बोलणारा कोणी आहे का? मला राग त्याच्यासाठी येते.

सिव्हिल_लाइन्स_वकील

मी नागपूरलाच प्रॅक्टिस करते, आधी कायद्याचं बोलते. सोसायटीला कोणाची झोपडी खाली करायचा, कागद जप्त करायचा, कोणाला गेटवर अडवून ठेवायचा काहीही अधिकार नाही. केलंत तर गुन्हा तुमच्यावर. संशय असेल तर पोलीस स्टेशनला लेखी कळवा, तिथे तुमचं काम संपलं.

काकांचं आधारबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हे आधारच्या कायद्यातच आहे आणि ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई हायकोर्टानेही सांगितलं की आधार, पॅन, वोटर कार्ड जवळ आहे एवढ्याने कोणी नागरिक ठरत नाही. पण मग ठरतो कशाने? 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलेला माणूस सरसकट जन्माने नागरिक. त्यानंतर 3 डिसेंबर 2004 पर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा वडील यातलं एक तरी नागरिक पाहिजे. आणि त्याच्याही नंतर जन्मलेला असेल तर एक नागरिक पाहिजे आणि दुसरा बेकायदेशीर आलेला नको. म्हणजे साइटवरच्या विशीतल्या पोराला स्वतःचा जन्म दाखवायचा, वर आई-बापाचं नागरिकत्वही दाखवायचं. ग्रुपवरच्या किती जणांच्या आईचा जन्माचा दाखला घरात आहे, बघा एकदा. माझ्या आईचा नाही.

अजून एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. साध्या चोरीच्या केसमध्ये गुन्हा पोलिसांनी सिद्ध करायचा असतो, इथे उलटं आहे. मी परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचं, 1946 च्या फॉरेनर्स ॲक्टच्या कलम 9 पासून हे असंच आहे आणि 1 सप्टेंबर 2025 पासून जो नवीन कायदा लागू झाला त्यातही तेच ठेवलंय. वर विनापासपोर्ट घुसण्याला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा ढिला आहे ही ओरड मला म्हणूनच पटत नाही, कायदा खूप कडक आहे. आणि जिथे कायदा एवढा कडक असतो तिथे सुनावणी नीट व्हायलाच पाहिजे, नाहीतर चुकीचा माणूस भरडला जातो आणि त्याच्याकडे परतीचा रस्ताच उरत नाही.

असं झालेलं आहे. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही जणांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं, मग बंगालच्या सरकारने कागद पाठवले आणि बीएसएफने तिकडच्या सीमा दलाशी फ्लॅग मीटिंग, म्हणजे सीमेवरच बैठक, करून त्यांना परत आणलं. त्याच महिन्यात दिल्लीतून पश्चिम बंगालमधल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला लेकरासकट असंच पाठवलं, कलकत्ता हायकोर्टाने सप्टेंबरमध्ये परत आणायचा आदेश दिला आणि ती प्रत्यक्षात आली डिसेंबरमध्ये. पोटात मूल घेऊन ती इतके महिने परदेशात होती, त्यातला बराच काळ तिथल्या जेलमध्ये. हे वाचून मला झोप लागली नव्हती.

अजनीकर

ताई, त्या बाईचं वाईटच झालं, मी नाही म्हणत नाही. पण चार चुका झाल्या म्हणून घुसखोर शोधायची मोहीमच बंद करायची का?

सिव्हिल_लाइन्स_वकील

बंद करा असं मी कुठे लिहिलं, दादा? परदेशी माणसाला भारतात राहायचा मूलभूत हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच सांगितलंय, राज्यघटनेचं कलम 19 फक्त नागरिकांना आहे. पण कलम 21, म्हणजे जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, प्रत्येक व्यक्तीला आहे, आणि अटक केली की 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं हेही फक्त नागरिकांपुरतं नाही. पाठवा, पण आधी ठरवा. केंद्राने मे 2025 मध्ये राज्यांना संशयिताचे कागद तपासायला 30 दिवस दिले, ते तरी पूर्ण वापरा, त्याच्या गावच्या ठाण्यात फोन लावा, माणूस पाठवा.

मुलचेऱ्याची_लेक

हा धागा वाचून राहवलं नाही. मी नागपुरात नोकरी करते, घर गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेरा तालुक्यात. आमच्या घरी बंगाली बोलतात. माझे आजोबा पूर्व पाकिस्तानातून आले, 1960 च्या दशकात सरकारनेच अशी कुटुंबं तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणून वसवली, जंगल तोडून जमीन दिली, तिथे आमच्या लोकांनी धानाची शेती केली, तळ्यात मासे टाकले. गडचिरोली जिल्हा झाला 1982 मध्ये, म्हणजे आम्ही तिथे जिल्ह्याच्याही आधीपासून आहोत. मी दहावी-बारावी मराठी माध्यमातून केली, घरात आईशी भांडताना सुद्धा अर्धं मराठीत भांडते.

तरी सीताबर्डीला दुकानात उभं राहून आईशी फोनवर बोलले की बाजूचा माणूस वळून पाहतो. मागे रूम शोधत होते तेव्हा घरमालकीण बाईंनी आडनाव ऐकलं आणि सरळ विचारलं, तू बांगलादेशची आहेस का. रूम दिली नाही. आणि गंमत म्हणून सांगत नाही, मनापासून सांगते की त्या बाईंचा मला राग नाही आला, भीती वाटली. कारण उद्या हेच कोणी खाकी कपड्यातल्याने विचारलं तर आजोबांच्या जमिनीचा पट्टा गावाला पेटीत आहे आणि मी इथे. आमच्यात बहुतेक नमशूद्र आहेत, तिकडे बंगालमध्ये ते एससी, इथे महाराष्ट्रात नाही, त्या जातीच्या दाखल्यासाठी आमचे लोक कित्येक वर्षं मागणी करत आहेत. म्हणजे इथले असूनही आमचे कागद कधी पूर्ण होतच नाहीत.

बेसावाले दादा, तुमच्या साइटवरच्या पोरांची भाषा माझ्या भाषेपेक्षा वेगळी नसेल. भाषेवरून काहीच कळत नाही, एवढंच ग्रुपवर सांगा.

जरीपटक्याचा_माणूस

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण माझी बाजू पण ऐका. आमचं कुटुंब सिंधमधून आलं, पासपोर्टवर, व्हिसावर, इथे येऊन लाँग टर्म व्हिसा घेतला, तो पुन्हा पुन्हा वाढवून घेतला, दर वेळी फॉर्म, फोटो, पोलीस रिपोर्ट. 2016 पासून नागपूरच्या कलेक्टरला नागरिकत्व द्यायचे अधिकार मिळाले तेव्हा कुठे आमचा नंबर लागायला लागला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानी व्हिसे रद्द झाले, राज्यातल्या यादीत सगळ्यात जास्त माणसं नागपूर शहरातच निघाली, तेव्हा एलटीव्हीवाल्या हिंदूंना सूट आहे असा खुलासा येईपर्यंत आमच्या गल्लीत कोणाला जेवण गेलं नाही. आम्ही एवढं सगळं रांगेत उभं राहून केलं. मग जो रात्री नदी ओलांडून येतो, पैसे देऊन दाखला बनवतो, त्याला इथे बिनधास्त राहताना पाहिलं की आतून जळतं. नियम पाळणाऱ्याची किंमत काय राहिली मग?

वर्धा_रोड_काका

माझा भाचा अमेरिकेत आहे, कायदेशीर, म्हणून थोडं. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं, 104 भारतीय, हातापायात बेड्या. त्यात महाराष्ट्रातलेही 3 जण होते. तेव्हा आमच्या कॉलनीत सगळे म्हणत होते की माणसाला असं आणतात का, शेती विकून गेली होती बिचारी पोरं, एजंटने जंगलातून नेलं. तीच माणसं आज म्हणतात की या बंगाली पोरांना काही न विचारता ट्रकमध्ये भरा. आपल्या पोराला जी वागणूक नको वाटते ती दुसऱ्याच्या पोराला का चालते, मला खरंच समजत नाही.

अजनीकर

काका, तुमचंच उदाहरण घ्या. अमेरिकेने त्यांना परत पाठवलं आणि आपण घेतलं, आपली माणसं आहेत हे तपासून घेतलं. परराष्ट्रमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत सांगितलं की हे नवीन नाही, 2009 पासून 15 हजारांवर भारतीय असे परत आलेत. आता बांगलादेशचं बघा. आपल्या परराष्ट्र खात्याने मे 2025 मध्ये सांगितलं की 2,360 च्या वर लोकांची ओळख पटवायची विनंती तिकडे पडून आहे, काही तर 2020 पासून. म्हणजे वकील ताई म्हणतात तसं सगळं नियमाने करायचं तर हे लोक पाच-पाच वर्षं आपल्याच जेलात, आपल्याच खर्चाने. समोरचा देश कागदच हलवत नसेल तर काय करायचं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलं नाही.

सिव्हिल_लाइन्स_वकील

हा मुद्दा खरा आहे आणि अवघड आहे. मी एवढंच म्हणीन की त्याचा दबाव ढाक्यावर टाकायचा, मालद्याच्या मजुरावर नाही.

हिंगण्याचा_सेंट्रिंगवाला

मी ठेके घेतो, या धंद्यातलं सांगतो. साइटवर पोरं आपोआप येत नाहीत, मुकादम आणते. त्याच्याजवळ गावाची टोळी असते, तो ॲडव्हान्स घेते, गाडीत बसवते आणि साइटवर उतरवते. दुसऱ्या राज्यातून मजूर आणायचे तर ठेकेदाराकडे लायसन पाहिजे, रजिस्टर पाहिजे, हे 1979 च्या कायद्यापासून आहे, आता नवीन लेबर कोडमध्ये गेलं. ठेवते कोण? रजिस्टर ठेवलं की पीएफ आला, किमान मजुरी आली, अपघात झाला तर भरपाई आली. म्हणून बिल्डरही विचारत नाही आणि मोठा ठेकेदारही विचारत नाही, आणि पोलीस आले की बापडा मजूर उचलल्या जाते. खरा बांगलादेशी असला तरी त्याला इथवर आणून पैसे कोणी कमावले ते कोणी पाहात नाही. आणि अजनीकर भाऊ, गोंदियाच्या माणसाला काम काहून नाही भेटत ते पण ऐका. ज्याच्या कागदाची भीती आहे तो मजूर रोजी कमी दिली तरी तोंड उघडत नाही. त्याला ठेवणाऱ्याला दंड बसू द्या, मग बघा ठिय्यावर कोणाला काम भेटते.

अजनीकर

हे मात्र बरोबर बोलले भाऊ. बिल्डरला आधी धरलं पाहिजे.

बेसा_रोड_रहिवासी

सगळ्यांचे आभार, विशेषतः मुलचेऱ्याच्या ताईंचे. मी कमिटीला असं मांडतोय की मजुरांना कोणी हात लावायचा नाही, आणि बिल्डरला लेखी पत्र द्यायचं की ठेकेदाराचं लायसन आणि मजुरांचं रजिस्टर दाखवा. काका लोक म्हणतात पोलिसांनाही पत्र पाहिजेच, नाहीतर ते स्वतः जातील. वकील ताई, त्या पत्रात काय लिहायचं?

सिव्हिल_लाइन्स_वकील

द्या, हरकत नाही. पण पत्रात कोणाला बांगलादेशी म्हणू नका, तो शब्द एकदा तुमच्या तक्रारीत आला की पुढे त्या पोरांच्या प्रत्येक कागदावर चिकटतो. साइटचा पत्ता, बिल्डर आणि ठेकेदाराचं नाव, आणि "इथे काम करणाऱ्या सर्व कामगारांचं व्हेरिफिकेशन झालं आहे का याची खात्री करावी" एवढंच. सर्व कामगारांचं, छत्तीसगडचे आणि आपले मराठी पण त्यात आले. पोच शिक्क्यासकट घ्या. आणि पोलीस चौकशीला आले तर कमिटीतलं कोणीतरी तिथे हजर राहा, कोणाला घेऊन गेले तर कोणत्या ठाण्यात नेलं ते लिहून ठेवा आणि त्याच्या घरी फोन करा. पोरांकडून घरचे नंबर आजच घेऊन ठेवा.