तापासाठी आलेल्या बाईला पाळी आणि पाळणा विचारणं हे गावातल्या डॉक्टरचंच काम आहे

(ऑनलाइन चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वैनगंगाकाठ

माझं म्हणणं सरळ आहे. गावातल्या दवाखान्यात ताप, खोकला, कंबरदुखी घेऊन जी बाई येते, तिला डॉक्टरने स्वतःहून विचारावं. पाळी कशी येते, अंगावरून पांढरं जातं का, सध्या मूल हवंय की नको, नको असेल तर काय वापरता. तिने विषय काढायची वाट बघू नये, कारण ती काढणार नाही. "कमजोरी वाटते, सलाईन लावून द्या" एवढंच म्हणेल आणि आपण सलाईन लावून मोकळे होऊ.

मी ब्रह्मपुरी तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करते. धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई कंबरेसाठी गोळ्या मागते. दोन प्रश्न जास्त विचारले की कळतं, पाळी आठ-दहा दिवस चालते, धाकटं लेकरू अजून अंगावर पितं आणि पुन्हा दिवस गेलेत की काय या धास्तीने तिला झोप नाही. कंबरेच्या गोळीने यातलं काय बरं होणार?

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं होतं, सोसणं होतं, फक्त विचारणारं कोणी नव्हतं.

"स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा" हे उत्तर मला पुरत नाही. तज्ज्ञ चंद्रपूरला नाहीतर नागपूरला. जायचं म्हणजे मजुरी बुडते, सोबत नवरा नाहीतर सासू लागते, आणि सासू सोबत असली की जे सांगायचं तेच राहून जातं. शिवाय यातल्या बहुतेक गोष्टींना तज्ज्ञ लागतही नाही. माला-एन ही पाळणा लांबवायची रोजची गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब बघायचा. १४०/९० च्या वर असेल तर दुसरा मार्ग शोधायचा, १६०/१०० च्या वर असेल तर ती गोळी नाहीच. डोळ्यांपुढे चमकून मग अर्धं डोकं दुखतं का, विचारायचं, तसं असेल तरी ही गोळी नको. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल तर ही इस्ट्रोजेनची गोळी नको. इस्ट्रोजेन नसलेली छाया गोळी चालते, तांबी चालते. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर माला-एनवर विसंबता येत नाही. टीबीचं औषध एकीकडून, पाळण्याच्या गोळ्या दुसरीकडून, आणि दोन्ही ठाऊक असणारं माणूस कोणीच नाही, असं आपल्याकडे सर्रास होतं. आणि सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार! आपल्या पूर्व विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते सांगायला नको. सिकलसेलच्या बाईचं बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकतं. तिला हा सल्ला सगळ्यांत आधी मिळायला हवा, मिळतो सगळ्यांत शेवटी.

दारव्हा रोड

डॉक्टर, तुम्ही बाई आहात, म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं. मी पुरुष, बीएएमएस, यवतमाळ जिल्ह्यात गावात बसतो. माझा दवाखाना म्हणजे एक खोली आणि मध्ये पडदा. पडद्याबाहेर बाकावर तिचा चुलत सासरा बसलेला. तिथे मी "मूल हवंय की नको" विचारायचं? दुसऱ्या दिवशी नवरा दारात येईल, आणि त्याचं चुकलं असंही मला म्हणता येणार नाही. मदतीला बाई ठेवायची तर तिचा पगार कुठून काढू? फी वाढवली तर पेशंट सरळ मेडिकलवाल्याकडे जातो.

दुसरं असं की या कामासाठी सरकारने माणसं नेमली आहेत. उपकेंद्रात सिस्टर आहे, सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे, गावात आशा आहे. अंतराची गर्भनिरोधक सुई, छाया, माला-एन, निरोध सगळं तिथे फुकट मिळतं. त्यांचं काम त्यांना करू द्या. साथीच्या दिवसांत एका सकाळी जेवढे पेशंट येतात, त्यात प्रत्येक बाईची सगळी कहाणी ऐकत बसलो तर तापाने फणफणणारं पोर बाहेर तसंच राहील. जनरल प्रॅक्टिस म्हणजे सगळ्यांनी सगळं करायचं असं नाही.

आशा, धारणी तालुका

सर, आमचं काम आम्हाला करू द्या म्हणता, पण तुम्ही लोक करू कुठे देता? राग मानू नका, मेळघाटात रोज बघते ते सांगते.

एका बाईला तयार करायला मला महिनोन्‌महिने घरी चकरा माराव्या लागतात. डॉक्टर तपासतात, मग अंतराची पहिली सुई होते. मी सांगते, सुईची जागा चोळायची नाही, शेकायची नाही. पुढची सुई तीन महिन्यांनी. सुरुवातीला मधेच रक्त जाईल, थेंब थेंब जाईल, नाहीतर पाळीच येणार नाही, घाबरू नका. सुई बंद केल्यावर लगेच दिवस राहतील असंही नाही, सात ते दहा महिने लागू शकतात. हे सगळं मी कोरकूत सांगते, नवऱ्यालाही सांगते. दुसऱ्या महिन्यात तिला डाग दिसतात. ती बाजाराच्या दिवशी खासगी डॉक्टरकडे जाते. तो विचारतो, काय घेतलं होतं? अंतरा. "मग त्यानेच झालं, गर्भाशय खराब होईल, बंद कर." झालं. ती तर बंद करतेच, तिच्या जावाही करतात, अख्खा पाडा बंद करतो. चार महिन्यांनी तीच बाई पोटुशी होऊन माझ्या दारात.

तुम्हाला विचारायचं नसेल तर नका विचारू. पण जे माहीत नाही त्याबद्दल भीती तरी घालू नका.

दारव्हा रोड

ताई, मी असं बोलत नाही. पण पंधरा दिवस रक्त जातंय म्हणून आलेल्या, हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईला मी "होईल हळूहळू बरं" म्हणून परत पाठवू का? उद्या ती चक्कर येऊन विहिरीवर पडली तर जबाबदार कोण? सुई देणारे संध्याकाळी पाचला कुलूप लावून जातात. रात्री नऊला दार वाजतं ते माझं.

वैनगंगाकाठ

ही तक्रार खरी आहे आणि मीही तेच म्हणतेय. ती तुमच्याकडेच येणार, म्हणून तुम्हाला हे यायलाच हवं. दिवस राहिलेत का ते आधी तपासा, हिमोग्लोबिन बघा, लोह द्या, चालत असेल तर चार-पाच दिवस रक्त जाणं कमी करायला मेफेनॅमिक ॲसिड द्या. रक्त फार जात असेल, पोटात कळा असतील, ताप असेल तर पुढे पाठवा. बाकी बहुतेकींचं दोन-तीन सुयांनंतर कमी होतं आणि पुढे कित्येकींची पाळीच थांबते. ज्या बाईचं रक्त आधीच कमी, तिच्यासाठी तो फायदा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. अशा ठिकाणी पाळीचा प्रश्न न विचारता नुसत्या "ताकदीच्या" बाटल्या लिहून देणं मला वैद्यकी वाटत नाही.

पऱ्हाटी

डॉक्टरबाई, समदं वाचलं. मी घरची शेती करतो, वणीकडं. दोन लेकरं झाल्यावर ऑपरेशन करून घेतलं, कोनाच्या सांगन्यावरून नाही, माह्या मनानं. तुम्ही शिकलेले लोक सुई-गोळीचं लय सांगता. कापूस येचाच्या दिवसात दर तीन मयन्यानं उपकेंद्रात कोन जाईन? माही सासू म्हने आनखी एक पोरगा पायजे. गोळीचं पाकीट सापडलं असतं तं तिनं चुलीत टाकलं असतं. ऑपरेशन कोनाले चुलीत टाकता येत नाही. म्हनून आमच्याकडच्या बाया ऑपरेशन मांगतात, अडानी हाय म्हनून नाही.

पन इचारायचं म्हनता ते बराबर हाय. ऑपरेशननंतर कंबर दुखे म्हनून एका दवाखान्यात गेलो तं काई न इचारता "गर्भाची पिशवी काढून टाका" म्हने. बत्तीस वर्साचं वय माहं. मी नाही काढली. माह्या बहिनीनं काढली, ते आता दहा किलोचं ओझं बी उचलत नाही.

धानपट्टा

पऱ्हाटीताई, तुमचा निर्णय तुमचा, त्यावर मी बोलणार नाही. पण हा सगळा धागा बाईला विचारण्यावर चाललाय, हे मला खटकतं. त्याच सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांत कुटुंब नियोजनासाठी स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के आहे. बिनटाक्याची पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही. तरी ऑपरेशन टेबलावर झोपते ती बाईच. आपल्या शेजारी, छत्तीसगडात बिलासपूरच्या नसबंदी शिबिरांत २०१४ साली १३ बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा. डॉक्टरने जर कोणाला स्वतःहून विचारायचंच असेल तर तंबाखूचा खर्रा घोटत बाकावर बसलेल्या नवऱ्याला विचारावं. ताकद जाते, नांगर धरता येत नाही, या खुळ्या समजुती कोणी काढायच्या? बाईला आणखी एक प्रश्न विचारून तिच्यावरच आणखी एक जबाबदारी टाकताय तुम्ही.

पऱ्हाटी

दादा, नवऱ्याले इचारा ना, कोन अडवते. पन तो हो म्हनेपर्यंत मी वाट पाहत बसू का?

वैनगंगाकाठ

पुरुषाला विचारायलाच हवं, आणि नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरून वीर्याची तपासणी करायची असते हेही त्याला सांगायला हवं. पण मला पऱ्हाटीताईंचं पटतं. तिचा मार्ग त्याच्या होकारावर टांगून ठेवता येणार नाही. इथे एक गोष्ट साफ सांगते, कारण कागद अडवून बायकांना परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. सज्ञान बाईला गर्भपातासाठी कायद्याने नवऱ्याची सही लागत नाही. नसबंदीसाठी सरकारी नियमांत लागत नाही. तांबीला आणि सुईला तर प्रश्नच नाही. आणि उलट बाजूनेही तेच. बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते, सोय चांगली आहे, पण बाईला न विचारता बसवली तर तो अन्याय आहे. नंतर रक्त गेलं की तिला वाटतं तांबी वर चढून छातीत गेली, आणि तिला तसं वाटल्याचा दोष मी तिला देणार नाही.

औषधवाला, अकोट

डॉक्टर विचारत नाहीत म्हणून माझ्या काउंटरवर विचारलं जातं. तेही बाई येत नाही, तिचा नवरा येतो, नाहीतर कोणीतरी पोरगा. "दिवस गेलेत, गोळी द्या." गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मी देत नाही, तर मला ऐकवतात, पुढच्या गावी मिळते. आणि मिळते. किती आठवड्यांचा गर्भ, गर्भाशयाऐवजी नळीत आहे का, रक्त किती आहे, काही माहीत नसताना. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मागायला येणारे मात्र बहुतेक पाचव्या दिवशी येतात. दारव्हा रोड, तुम्ही नाही विचारलं तर तो प्रश्न नाहीसा होत नाही, माझ्या दुकानात येतो. मी बी.फार्म आहे. मी पोट तपासू शकत नाही.

दारव्हा रोड

हे मात्र मला नाकारता येत नाही. तरी माझी अडचण जागच्या जागीच आहे. मी रक्तदाब बघेन, टीबीचं औषध चालू आहे का विचारेन, सिस्टरच्या नावाने चिठ्ठी लिहून देईन. अंतरा घेतलेली बाई आली तर घाबरवणार नाही. पण मूल हवं की नको, घरात काय चालतं, हे मी त्या पडद्याआड विचारणार नाही. माझ्या गावात तो प्रश्न पुरुष डॉक्टरच्या तोंडी बसत नाही. तुम्ही शहरातून नाही, गावातूनच बोलताय, म्हणून तुम्हाला हे समजेल असं वाटतं.

वैनगंगाकाठ

समजतं, पण मान्य नाही. शेवटची पाळी कधी आली हे तुम्हाला एरवीही विचारावंच लागतं. गरोदरपणी टाळायचं असतं ते डॉक्सिसायक्लिन लिहिताना, एक्स-रेला पाठवताना काय करता? ती "दोन महिने झाले" म्हणाली तर पुढचा प्रश्न कोण विचारणार?

आशा, धारणी तालुका

सर, पडद्याआड जमत नसेल तर बाजाराच्या दिवशी तुमच्या गावची आशा येऊन बसू शकते. आमच्या गावातल्या बाया तुमच्यासारख्याच एका डॉक्टरकडे जातात, त्या डॉक्टरांना मी हे विचारलं होतं, मी येऊन बसू का. त्यांनी एक खुर्ची आत टाकून दिली.