सह्याद्रीचं भिंतीवरचं कॅलेंडर: फोटोंची निवड आणि छपाई

पावसाळी_पायवाट:
ट्रेकिंग ग्रुपचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर करायचंय. बारा पानं आणि मुखपृष्ठ, १२ बाय १८ इंच उभं, १०० प्रती. चांगले फोटो बहुतेक जुलै-ऑगस्टचेच आहेत. बारा महिने हिरवे डोंगर चालतील का? शिवाय नमुन्याच्या पानावर स्क्रीनवरचा पोपटी घाट शेवाळी, काळपट उतरला. असं का होतं? कागद कोणता घ्यावा?

रानफूल:
सगळे हिरवे नकोत. कॅलेंडरचा फोटो महिनाभर रोज नजरेसमोर असतो. बाहेर पळस पेटलेला आणि भिंतीवर धबधबा, असं झालं की त्या पानाकडे कुणी बघत नाही. ऋतू जुळला की लोक ‘आता तिकडे जायला हवं’ म्हणत थांबतात. या कॅलेंडरची खरी गोडी तीच. जानेवारीला भिगवणजवळ उजनी धरणाच्या जलाशयातले रोहित (फ्लेमिंगो), मार्चला पळस, मे महिन्यात बहावा, जूनला काजवे (मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत), सप्टेंबरला कासचं पठार, ऑक्टोबरला पिकलेली भातखाचरं. डिसेंबरच्या स्वच्छ हवेत एकामागे एक डोंगररांगा दिसतात, ते पान रिकामं ठेवू नका. कारवीच्या झुडपांचा सामूहिक बहर सात-आठ वर्षांनी येतो, म्हणून तिच्या फोटोखाली साल छापाच. नाहीतर लोक भलत्याच वर्षी फुलं शोधत जातील.

फोटो सहा-आठ फुटांवरून बघितला जातो. मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. तेवढ्यातही कड्याचा आकार कळला तर घ्या. घरट्यातल्या पिलांचे फोटो मात्र कितीही सुंदर असले तरी घेऊ नका. ते बघून आणखी चारजण कॅमेरे घेऊन घरट्याजवळ जातात.

शाई_कागद:
स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई चार शाईंनी. कोवळ्या गवताचा झगझगीत पोपटी निळसर सायन आणि पिवळी शाई मिळून गाठता येत नाही, आणि त्यात किरमिजी किंवा काळी थोडी जरी शिरली की शेवाळी होतो. प्रेसकडून त्यांच्या मशीन-कागदाचं आयसीसी प्रोफाइल (रंग छपाईत कसे उतरतील ते सांगणारी फाइल) मागा आणि फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा स्क्रीनवरचा अंदाज, लावून बघा. हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवू नका, उलट थोडं उतरवा. नाहीतर गवताची पाती जाऊन नुसता हिरवा पट्टा उरतो. आकाश जांभळट दिसलं तर किरमिजी कमी करा. काळपटपणाचं कारण बहुधा वेगळं असतं: पूर्ण ब्राइटनेसवर एडिटिंग. स्क्रीन निम्म्यावर आणा आणि सावल्या साधारण अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) उजळा.

१०० प्रतींना डिजिटलच परवडेल, ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च एवढ्या प्रतींत वसूल होत नाही. १३ बाय १९ च्या शीटवर १२ बाय १८ चं पान ब्लीडसह (कापण्यासाठी कडेबाहेर जादा छापलेली पट्टी) बसतं. कागद १७० जीएसएम (जाडीचं माप, चौरस मीटरला ग्रॅम) मॅट आर्ट, मुखपृष्ठ ३०० जीएसएम. ग्लॉसवर (चकचकीत कागदावर) ट्यूबलाइट चमकते आणि बॉलपेन नीट चालत नाही. दूधवाल्याचे खाडे लिहायला तरी मॅट हवा.

तेरा पानांना पाव इंची वायरो (पानं बांधणारी तारेची वेटोळी) पुरते. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड ठेवा आणि वरच्या अर्ध्या इंचात महत्त्वाचं काही येऊ देऊ नका. लिंगाण्याच्या सुळक्याचं टोक पानाच्या वरच्या कडेला टेकवलं, तर वायरोची भोकं नेमकी शिखरातून जातात.

पावसाळी_पायवाट:
धन्यवाद! काही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत, ते चालतील? आणि तिथी छापाव्यात का?

शाई_कागद:
तसे नकोत, पाठवताना फाइल लहान होते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. पानावरचा फोटोसाठीचा वरचा १२ बाय ८ इंचांचा भाग कॅमेऱ्याच्या ३:२ फ्रेमशी तंतोतंत जुळतो. त्याला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. २४०० बाय १६०० असले तरी भिंतीवरच्या अंतरावरून खपून जातं, त्याखाली जाऊ नका. शंभर प्रतींआधी त्याच मशीनवर, त्याच कागदावर सर्वांत गडद आणि सर्वांत हिरव्या फोटोचं पान काढून दिवसाउजेडी तपासा.

रानफूल:
पूर्ण पंचांग नको. १९७३ पासून कालनिर्णय घरोघरी ते काम करतंय, तुमचं त्याच्या शेजारी लागेल. सुट्ट्या, एकादशी, संकष्टी, पौर्णिमा आणि अमावस्या पुरेत. रात्रीचा ट्रेक ठरवायला आणि ताऱ्यांचे फोटो काढायला शेवटच्या दोन लागतातच. संकष्टीचा चंद्रोदय दिलात तर गावाचं नाव घाला. मुंबई आणि नागपूरच्या वेळेत साधारण २५ मिनिटांचा फरक पडतो.