१५ हजार हाताशी आहेत, एलआयसीची एजन्सी घ्यावी का?

केळीची_बाग विचारते:

करमाळा तालुक्यात राहते. वय ३३, बारावी पास. शिल्लक १५ हजार, स्कूटी आहे, बऱ्यापैकी फोन आहे. आयुर्विम्याची एजन्सी घ्यायचा विचार आहे. एजंट नेमणारे विकास अधिकारी म्हणतात, "खर्च काहीच नाही, परीक्षा दिली की कोड." (कोड म्हणजे एजंटाचा क्रमांक.) काहीच नाही म्हणजे खरंच काहीच नाही का? बिमा सखीत (एलआयसीची महिला एजंटांसाठीची योजना) जावं की साधी एजन्सी घ्यावी? आणि गावात ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, "पहिला हप्ता तू भरणार ना?" त्याला काय सांगायचं?

---

प्रपोजल_३०० :

कोड मिळेपर्यंतचा खर्च खरोखरच किरकोळ आहे. परीक्षा शुल्क आणि नोंदणी मिळून साडेसहाशेच्या आसपास धरा, वर परीक्षेच्या गावी जायचं-यायचं भाडं. याहून जास्त कोणी मागितले तर पावती मागा.

अट दहावी पास आणि वय १८ पूर्ण. आधी २५ तासांचं प्रशिक्षण, मग आयसी-३८ ही परीक्षा: संगणकावर, एक तास, ५० प्रश्न, पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ बरोबर हवेत. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. पेपर मराठीत देता येतो. फक्त त्यातली मराठी पुस्तकी असते. 'विमायोग्य हित', 'परम सद्भाव' असे शब्द पहिल्यांदा तिथेच दिसले तर माणूस गडबडतो, म्हणून पुस्तकही मराठीच वाचा. हिशेबाची गणितं फार नसतात. ग्रेस पीरियड (हप्ता उशिरा भरायचे सवलतीचे दिवस), नॉमिनी, फ्री-लुक (पॉलिसी पटली नाही तर परत करायची मुदत), एजंटाची आचारसंहिता यावर भर द्या.

अडतं ते कागदांवर. दहावीचं मार्कशीट माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, पॅनवर तिसरंच काहीतरी. परीक्षेला नाव टाकण्याआधी आधार, पॅन आणि बँक खातं एका नावावर आणा. मार्कशीटसाठी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र हाताशी ठेवा. पॅन आधारला जोडलेलं नसेल तर कमिशनमधून २० टक्के टीडीएस जातो. जोडलेलं असेल तर वर्षाला २० हजारांपर्यंत काही कापत नाहीत, त्यापुढे २ टक्के, आणि उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तेही परत मिळतं.

---

हप्तेबंद :

वर लिहिलंय ते कोडचं. धंद्याचं भांडवल वेगळं, आणि ते म्हणजे सहा-आठ महिने घर या कमिशनवर अवलंबून नसणं. आकडे मांडून बघा.

एंडोमेंट प्रकारात (विमा आणि मुदतीनंतर रक्कम परत) पहिल्या वर्षाचं कमिशन बोनस कमिशन धरून आता साधारण २८ टक्के. ऑक्टोबर २०२४ च्या आधी ३५ होतं, जुने एजंट अजून तोच आकडा सांगतात. पुढच्या वर्षांना साडेसात, नंतर पाच टक्क्यांच्या घरात. योजना आणि मुदतीप्रमाणे बदलतं. वार्षिक १२,००० हप्त्याची पॉलिसी झाली तर पहिल्या वर्षी ३,३६०, दुसऱ्या वर्षी ९००. पण ग्राहकाने मासिक मोड (दर महिन्याला हप्ता) घेतला असेल तर ३,३६० एकदम येत नाहीत. १,००० चा हप्ता जमा झाला की २८०, पुढच्या महिन्यात भरला तर पुन्हा २८०. नवा एजंट महिन्याला चार पॉलिसी करतो आणि खात्यावर अकराशे-बाराशे बघून हबकतो, त्याचं कारण हे.

आता "पहिला हप्ता तू भर". हजार भरलेत, २८० परत आले. तुमचे हजार वसूल व्हायला ग्राहकाने चार हप्ते भरावे लागतात. फुकटात पॉलिसी मिळालेला माणूस बहुधा तीनवर थांबतो. म्हणजे आले ८४०, गेले १,०००, फिरण्याचं पेट्रोल वेगळं. पंधरा हजारांत अशा दहा-बारा पॉलिसी केल्या की शिल्लक संपली, आणि वर्षभरात निम्म्या लॅप्स, म्हणजे हप्ते थांबून बंद.

शिवाय हे बेकायदा आहे. विमा कायदा १९३८, कलम ४१: कमिशनातला वाटा किंवा हप्त्यात सूट देऊ करायची नाही, घ्यायचीही नाही. दंड १० लाखांपर्यंत. हे कलम प्रपोजल फॉर्मवरच (विम्याच्या अर्जावर) छापलेलं असतं. गावात तेच पान उघडून दाखवा आणि "सहीखाली हे लिहिलंय, तुमच्यावरही येतं" एवढंच म्हणा. भांडण होत नाही. शेजारचा एजंट देतोच म्हणून जाणारे जातील. जाऊ द्या, त्यांचं नूतनीकरण त्यालाच लखलाभ.

---

केळीची_बाग :

बिमा सखीचं कोणी सांगाल का? महिन्याला सात हजार पगार मिळतो असं ऐकलंय.

---

लाइव्ह्ज_२४ :

पगार नाही, विद्यावेतन. ही नोकरी नाही. डिसेंबर २०२४ ला पानिपतमध्ये सुरू झालेली योजना आहे, वय १८ ते ७०, दहावी पास महिला. पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. तीन वर्षांचे मिळून २ लाख १६ हजार, कमिशन वेगळं.

अटी नीट वाचा. वर्षाला २४ लाइव्ह्ज, म्हणजे २४ वेगवेगळी माणसं. एकाच मास्तरांच्या दोन पॉलिसी केल्या तर मोजणीत एकच. आणि पहिल्या वर्षाचं कमिशन ४८,०००, बोनस कमिशन सोडून. बोनस वगळला की २८ टक्क्यांचे राहतात २० च्या आसपास, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजारांचा हप्ता जमा व्हायला हवा, सरासरी माणशी १०,०००. पाचशे-सहाशेच्या मासिक पॉलिसींनी २४ माणसं होतील, ४८,००० होणार नाहीत. कमिशन जमा हप्त्यावरच पडत असल्याने शेवटच्या दोन महिन्यांत घेतलेल्या मासिक पॉलिसी तर नावालाच.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचं विद्यावेतन आदल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असतील तरच. २४ पैकी १६. हप्तेबंद यांनी लिहिलेली पहिल्या हप्त्याची भानगड इथे दुसऱ्यांदा नडते.

नवरा, आई-वडील, भाऊ-बहीण किंवा सासू-सासऱ्यांपैकी कोणी एलआयसीत नोकरीला किंवा एजंट असेल तर या योजनेत घेत नाहीत. साधी एजन्सी मिळू शकते. तसं काही नसेल तर तुमच्या परिस्थितीत बिमा सखीच घ्या असं माझं मत. पेट्रोल आणि घरखर्चाचा धाक कमी असला की माणूस कोणाच्याही गळ्यात चुकीची पॉलिसी मारत नाही. साध्या एजन्सीलाही वर्षाला किमान १२ माणसांचं बंधन असतंच.

---

प्रपोजल_३०० :

मग गावाकडच्या पॉलिसी कुठे अडकतात तेही लिहितो, कारण एक प्रपोजल परत आलं की दोन फेऱ्या वाढतात.

वय. बऱ्याच योजनांत जवळचा वाढदिवस धरतात. जन्म १० जूनचा असेल तर १० डिसेंबरच्या सुमारास वय एकाने वाढतं आणि हप्ताही. वहीत प्रत्येकापुढे ही सहा महिन्यांची तारीख लिहून ठेवा, भेटायला जायला तेवढं निमित्त पुरतं. तारीख उलटली तरी त्याच आर्थिक वर्षातली मागची तारीख घेता येते, पण मधले हप्ते भरावे लागतात.

मोड. ऊसवाल्याला मासिक देऊ नका. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू झालं तरी बिल हातात पडायला संक्रांत उजाडते. फेब्रुवारीत वार्षिक मोडने सुरू करा, त्याला हप्त्यात २ टक्के सूटही असते. सहामाही घेतली तर दुसरा हप्ता ऑगस्टात येतो, आणि ऑगस्टात शेतकऱ्याकडे खताची उधारी असते. केळीवाल्याचं गणित वेगळं, त्याचा माल कधी निघतो ते विचारून तारीख ठरवा. मासिकाला सवलतीचे दिवस फक्त १५, बाकी मोडना ३०. मासिक बँकेतूनच कापला जातो, खात्यात पैसे नसले तर बँक दंड लावते आणि शिव्या तुम्हाला.

शिक्षक, ग्रामसेवक असतील तर पगारातून कपात सोयीची. पण बदली झाली की नव्या कार्यालयाला कपातीचं पत्र पोचत नाही, दोन-तीन हप्ते बुडतात आणि कोणाला पत्ता नसतो. बदल्यांचा मोसम संपला की प्रत्येकाची पगार स्लिप बघून या.

गृहिणीच्या प्रपोजलला नवऱ्याच्या विम्याचा तपशील मागतात. त्याचीच पॉलिसी नसेल तर आधी त्याची करा.

तब्येतीचे प्रश्न स्वतः वाचून दाखवा. "तंबाखू खाता का?" म्हटलं की बायका नाही म्हणतात, कारण मिश्रीला कोणी तंबाखू समजतच नाही. "दाताला काय लावता?" असं विचारा. बीपीची गोळी, जुनं ऑपरेशन सगळं लिहा. पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर चौकशी होते, दवाखान्याचे कागद काढतात, आणि लपवलेली गोळी तिथे सापडते. तीन वर्षं उलटल्यावर कलम ४५ प्रमाणे कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, पण तोवर वारसाच्या दारात तुम्हीच उभ्या असता.

---

हप्तेबंद :

एक राहिलं. जुने छापील हप्त्याचे तक्ते वापरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आधी एंडोमेंटला पहिल्या वर्षी साडेचार टक्के होता, तो धरून आकडा सांगितलात तर ग्राहकाला उगाच जास्त वाटतो.

आणि एफडीशी तुलना करून विकू नका. एंडोमेंटचा परतावा साधारण पाच-सहा टक्के पडतो. ज्याचं घर त्याच्या एकट्याच्या कमाईवर चालतं त्याला आधी टर्म (फक्त मृत्यूचं संरक्षण, पैसे परत नाहीत) दाखवा, कमिशन कमी झालं तरी. ज्याला तेही झेपत नाही त्याला बँकेतली वर्षाला ४३६ रुपयांची जीवन ज्योती विमा योजना घ्यायला सांगा. त्यात २ लाखांचं संरक्षण आहे, वय १८ ते ५०. तुम्हाला त्यात काही मिळत नाही, पण पुढच्या वर्षी तोच माणूस हाक मारतो.

---

केळीची_बाग :

म्हाताऱ्या माणसांचे हप्ते मी घेऊन तालुक्याला भरले तर चालेल ना? त्यांना जमत नाही.

---

लाइव्ह्ज_२४ :

नाही. हप्ता गोळा करायचा अधिकार एजंटाला नसतो. हर्षद शहा विरुद्ध एलआयसी या खटल्यात (१९९७) नेमकं हेच झालं होतं. एजंटाने हप्त्याचा धनादेश घेतला, पैसे कार्यालयात भरले ते विमेदार गेल्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एजंटाला दिलेले पैसे म्हणजे महामंडळाला (एलआयसीला) दिलेले नव्हेत.

आजोबांच्या फोनवरून, त्यांच्याच खात्यातून, त्यांच्यासमोर भरून द्या आणि पावतीचा मेसेज त्यांच्याच नंबरवर आला का ते बघा. फोनच नसेल तर बँकेत कपातीचा फॉर्म एकदा भरून टाका. स्कूटीवर बसवून शाखेत नेलंत तरी हरकत नाही, फक्त पैसे काउंटरपर्यंत त्यांच्याच हातात राहू देत.