लाँग केसमधून विद्यार्थ्याचे कौशल्य खरोखर तपासले जाते का?

प्रश्न (अंतिम वर्ष एमबीबीएस, नाशिक):
प्रात्यक्षिक परीक्षेतील लाँग केसमध्ये आम्ही एका रुग्णाची हिस्ट्री (आजाराची माहिती) घेतो, त्याला तपासतो आणि नंतर परीक्षकांपुढे केस मांडतो. पण पोटावर हात कसा ठेवला, रुग्णाला काय विचारले, हे पाहायला बहुधा तेथे कोणीच नसते. एखाद्याच्या वाट्याला सरळ प्ल्युरल इफ्यूजन (फुफ्फुसाभोवती पाणी साचणे) येते, तर दुसऱ्याला चार आजार एकत्र असलेले आजोबा मिळतात. त्यातच रुग्ण सुरगाण्याकडचा, कोकणा बोली बोलणारा, आणि विद्यार्थी विदर्भातला असेल, तर अर्धा वेळ बोलणे उमगण्यातच जातो. सगळीकडे ओस्की (OSCE, म्हणजे ठरावीक वेळेच्या छोट्या स्टेशनांवर एकेक कौशल्य तपासणारी परीक्षा) घेतल्यास हे सुधारेल का?

उत्तर (इंटर्न):
प्रत्येक स्टेशनवर सर्वांना एकच काम आणि एकच चेकलिस्ट असल्यामुळे ओस्की मला अधिक न्याय्य वाटली. मात्र घंटेबरोबर पुढे सरकताना संपूर्ण रुग्णाचा विचार करण्याची संधी मिळत नाही.

उत्तर (मेडिसिन, निवासी डॉक्टर):
रुग्ण आणि परीक्षक यांच्या बाबतीतला नशिबाचा भाग कमी व्हावा, म्हणूनच स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये ओस्की मांडली. तरीही केवळ पद्धत बदलून भागणार नाही, कारण मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणे) उत्तम ओळखणारा विद्यार्थी हेमिप्लेजियाच्या (अर्धांगवायूच्या) रुग्णापाशी अडखळू शकतो; म्हणून निकाल विश्वासार्ह व्हायचा तर अधिक रुग्ण, अधिक परीक्षक आणि अधिक वेळ लागतो. माझे ठाम मत असे आहे की लाँग केस ठेवावी, पण परीक्षकांनी निदान दहा मिनिटे खाटेजवळ उभे राहून विद्यार्थ्याचे काम प्रत्यक्ष पाहावे. आज प्लीहा हाताला न लागताही पाठ केलेले सादरीकरण गुण मिळवून देऊ शकते, आणि ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. 2019 पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात लॉगबुक (विद्यार्थ्याने केलेल्या कामांची नोंदवही) आहेच. त्यातील नोंदी वॉर्डमध्ये कौशल्य पाहूनच प्रमाणित झाल्या, तर एका दिवसाच्या परीक्षेवरचा भारही हलका होईल.

उत्तर (बालरोग विभाग, निवासी डॉक्टर):
भाषेच्या मुद्द्यावर मी थोडी असहमत आहे. उद्या पेठच्या किंवा सटाण्याच्या बाह्यरुग्ण विभागात बसल्यावर कोकणा किंवा अहिराणी बोलणाऱ्या आईकडूनच बाळाची हिस्ट्री घ्यायची आहे, तेव्हा ते कौशल्य तपासले जायलाच हवे. मात्र अशा वेळी विद्यार्थ्याला वाढीव वेळ द्यावा, आणि वॉर्डमधील सिस्टरांची किंवा मावशींची दुभाषी म्हणून मदत घेण्याची मुभा सर्वांना सारखी असावी.