मदत हवी आहे: नगरपरिषदेचं बिल 9 महिने अडकलंय, तक्रार कुठे करू?

काँक्रीट_मिक्सर:
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. नगरपरिषदेचं काम केलं, पूर्ण होऊन 9 महिने झाले, लोक वापरतायत आणि बिल काही निघत नाही. बांधकाम विभागात गेलो की फाईल लेखा विभागात, लेखात गेलो की बांधकामला परत पाठवली, सीओ (मुख्याधिकारी) साहेब कायम मीटिंगमध्ये. काम झालं तेव्हा प्रशासक होते, आता डिसेंबर 2025 च्या निवडणुकीनंतर नवीन बॉडी बसलीय आणि एक नगरसेवक म्हणतात जुन्या कामांची आधी चौकशी लावू. खडीवाला रोज फोन करतो, सेंट्रिंगच्या पोरांचे पैसे मी सोसायटीचं कर्ज काढून भागवलेत. तक्रार कलेक्टरकडे करायची का थेट मंत्रालयात? अर्जाचा नमुना असेल तर टाका.

निवृत्त_बांधकाम:
काम कसलं, रस्ता का गटार का पेव्हर, तेच लिहिलं नाहीत. कुठल्या हेडचं, म्हणजे पैसा कुठल्या निधीतला? नगरोत्थान, दलित वस्ती, वित्त आयोग, आमदार निधी का न.प.चा स्वतःचा फंड? रनिंग (काम चालू असतानाचं) बिल का फायनल? एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तक, रेकॉर्ड झाली का? थर्ड पार्टीचा, म्हणजे बाहेरच्या संस्थेच्या तपासणीचा रिपोर्ट लावलाय का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

उद्यमी_भाऊ:
एवढं विचारत बसायची गरजच नाही. उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर केस टाका. 2006 चा एमएसएमई कायदा आहे, 45 दिवसांत पैसे दिले नाहीत तर बँक रेटच्या तिप्पट व्याज आणि तेही दरमहा चक्रवाढ. माझं एलईडी दिव्यांचं बिल वर्षभर लटकलं होतं, केस टाकल्यावर दोन महिन्यांत अकाउंटला जमा. अर्ज-विनंत्या करून काही होत नाही हो.

कोर्टाची_पायरी:
भाऊ, तुम्ही दिवे पुरवलेत, तो माल झाला. यांचं बांधकाम दिसतंय म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (कामाचा ठेका), आणि त्याला हा कायदा लागत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय, आणि ते प्रकरण नगरपरिषदेचंच होतं. एमएसएमईच्या तक्रारी ऐकणाऱ्या कौन्सिलकडे वर्ष घालवून शेवटी अधिकारक्षेत्र नाही म्हणून कागद परत आले तर मुदतीचं काय? केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा 3 वर्षांत लावावा लागतो. ती तारीख आधी डायरीत लिहा.

उद्यमी_भाऊ:
सगळे निकाल तसेच नसतात. नोटीस गेली की ऑफिस हलतं, हा माझा अनुभव आहे.

वॉर्ड_रहिवासी:
गटाराचं काम असेल तर एक विचारतो, वर झाकणं टाकलीत का? आमच्याकडे उघडं ठेवलंय, मागच्या पावसात शाळेत जाणारं पोरगं पडलं. लोकांनी कंप्लेंट करायची कुणाकडे?

काँक्रीट_मिक्सर:
@निवृत्त_बांधकाम आरसीसी गटार, नगरोत्थान जिल्हास्तर, फायनल बिल. थर्ड पार्टी झालीय, रिपोर्ट चांगला आहे. एमबी इंजिनिअरने भरली असणार. @वॉर्ड_रहिवासी झाकणं एस्टिमेटमध्ये होती आणि टाकलीत. मंडळी, तक्रार कुठे ते सांगा ना, रोज अर्धा दिवस त्या व्हरांड्यात जातोय.

निवृत्त_बांधकाम:
"असणार" म्हणजे काय? तुम्ही बघितली का? त्यावर ठेकेदाराची सही घेतात, तुमची घेतली का? आणि वर्क ऑर्डरची मुदत किती होती, काम त्यात संपलं का?

जिल्हा_फेऱ्या:
नगरपरिषद अधिनियम 1965 चं कलम 308 लावा, कलेक्टरकडे अर्ज द्या, सुतासारखे सरळ होतील. आमच्या वॉर्डातल्या एका ठरावाला असाच स्टे आणला होता.

कोर्टाची_पायरी:
308 म्हणजे ठराव किंवा आदेशाची अंमलबजावणी थांबवायची. यांना काही थांबवायचं नाहीये, थांबलेलं चालू करायचंय. उलट कलेक्टर ऑफिस खुलासा मागेल, मूळ फाईल तिकडे गेली तर आणखी चार महिने बघायला नको.

साधा_मतदार:
टक्केवारी मागतायत का तेवढं सांगा. मागत असतील तर 1064 वर लाचलुचपतला फोन करा, बिलकुल घाबरू नका.

काँक्रीट_मिक्सर:
नाही हो, कुणी काही मागितलेलं नाही, उगीच कुणावर आळ नको. एमबीवर पहिल्या बिलाला सही केली होती, फायनलला आठवत नाही. मुदत 6 महिने होती, पाऊस आणि जलवाहिनी मध्ये आली म्हणून दीड महिना जास्त गेला, साहेबांना तोंडी सांगितलेलं. आणि हो, एक राहिलं. एस्टिमेट 210 मीटरचं होतं, मी 248 केलं. 210 वर गटार जिथे संपत होतं तिथे बरोबर समोर एका म्हातारीचं घर, उंबरा रस्त्यापेक्षा वीतभर खाली. तिथे सोडलं असतं तर अख्ख्या गल्लीचं पाणी तिच्या चुलीत. इंजिनिअर साहेब स्वतः उभे राहून म्हणाले, नाल्यापर्यंत नेऊन टाका, एस्टिमेट रिवाइज करून घेऊ. मी नेलं. आता ते साहेब बदलून गेलेत.

निवृत्त_बांधकाम:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना राजे! तुमची फाईल कुणी दाबलेली नाही, ती 38 मीटरवर अडकलीय. लेखापाल 248 चं बिल 210 च्या मंजुरीवर पास करणार नाही, उद्या स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघाला तर वसुली त्याच्यावर. शिवाय मुदतवाढ नाही, म्हणजे दंड लावायचा का नाही हाही प्रश्न कागदावर उघडाच राहिलाय. आता असं करा. मुदतवाढीचा अर्ज आजच द्या, पावसाचे दिवस आणि जलवाहिनीचे फोटो जोडून. करारनामा बी-1 (सरकारी कामाच्या ठेक्याचा छापील नमुना) फॉर्मवर असेल तर क्लॉज 38 काढून वाचा, परिमाण 25 टक्क्यांपर्यंत वाढलं तर निविदेच्याच दराने मोजतात. तुमचं 18 टक्के होतंय, आयटमही तेच आहेत, म्हणजे दर नव्याने ठरवायची भानगड नाही, फक्त वाढीव खर्चाला मंजुरी लागेल. आणि मूळ 210 चं बिल वेगळं करून मागा, नाहीतर 38 पायी 210 पण बसून राहतील.

काँक्रीट_मिक्सर:
पण 38 सोडून बिल दिलं तर ते सोडून दिलंय असंच धरतील ना? माझं नुकसान.

कोर्टाची_पायरी:
बिलावर "वाढीव कामाचा हक्क राखून" असं लिहून सही करा. आणि साहेबांनी सांगितल्याचं लेखी काही आहे का? मेसेज, फोटो?

काँक्रीट_मिक्सर:
व्हॉट्सअॅपवर आहे, मी खोदाईचा फोटो टाकलेला, त्यांचं उत्तर "ओके, नाल्यापर्यंत घ्या".

कोर्टाची_पायरी:
सोनं आहे ते. फोन बदलू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

नवा_अभियंता:
नमस्कार, मी सिव्हिल डिप्लोमा केलाय, ठेकेदार नोंदणीसाठी काय लागतं? डिजिटल सिग्नेचर आधी काढायची का नंतर?

उद्यमी_भाऊ:
@नवा_अभियंता डिजिटल सिग्नेचर आधी काढा, तिच्याशिवाय महाटेंडर्सवर बिड भरता येत नाही. आणि उद्यम तर काढाच. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा. @काँक्रीट_मिक्सर बिल नव्याने बनवताना जीएसटी बघा, 18 जुलै 2022 पासून नगरपरिषदेच्या कामांना 12 चा 18 झालाय, जुन्या एस्टिमेटमध्ये अजून 12 सापडतो.

निवृत्त_बांधकाम:
हे बरोबर बोललात. खडी-वाळूच्या रॉयल्टी पावत्या पण जोडा, नसतील तर तेवढी रक्कम बिलातून कापतील. आणि एमबी प्रत्यक्ष बघा. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून अभिलेख पाहणी मागा.

काँक्रीट_मिक्सर:
काल जाऊन आलो. माहिती अधिकाराची गरज पडली नाही, नवीन जेई (कनिष्ठ अभियंता) बाईंनी स्वतः कपाट उघडून एमबी दाखवली. 0 ते 210 शाईने, खाली सही. पुढच्या पानावर 210 ते 248 पेन्सिलने, लांबी-रुंदी-खोली सगळं बरोबर, पण ना तारीख ना सही. ते पान बघून पोटात गोळा आला. 9 महिने मी दारोदार फिरतोय आणि एवढंच कारण होतं, ते एकानेही सांगितलं नाही. मुदतवाढीचा अर्ज दिला, 210 चं बिल वेगळं दिलं, दोन्हीवर आवक नंबर घेतला. बाई म्हणाल्या पेन्सिलच्या नोंदीवर मी सही करणार नाही, सोमवारी जागेवर येते, दोघं मिळून पुन्हा मोजू.

निवृत्त_बांधकाम:
बरोबर बोलल्या त्या. रविवारीच दोन माणसं लावून शेवटच्या 38 मीटरमधला गाळ काढून घ्या. तळ दिसला नाही तर खोली कमी धरली जाते. झाकणंही तीन-चार ठिकाणी उचलून ठेवा, मोजणी चालू असताना फोटो काढा, टेपचा आकडा फोटोत वाचता आला पाहिजे.

काँक्रीट_मिक्सर:
गाळ आहेच, टाचेएवढा. पोरांना सांगतो. सोमवारी रात्री इथे लिहितो काय झालं ते.